काकडीचं पाणी, गोकाकचा धबधबा आणि शेताचा उतारा

“मीठ आत्ताच घालू नकोस, पानं वाढताना घाल. नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटेल.” हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात पेशीशास्त्राचा अर्धा धडा दडलाय हे कळायला मला पदवीपर्यंत जावं लागलं, आणि तेव्हासुद्धा ते पुस्तकातून कळलं, कोशिंबिरीतून नाही.

बेळगावच्या शहापुरात मी पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, मुलांची जीवशास्त्राची शिकवणी घेतो. बरीचशी मुलं येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर भागातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात. दहावीतली तंतुकणिका एका उन्हाळ्यात मायटोकॉन्ड्रिया होते, परासरणाचं ऑस्मॉसिस होतं, आणि बाकावर शेजारी बसलेला कन्नड मित्र पेशीला जीवकोश म्हणतो. तीन-तीन नावं घोकता घोकता मूळ वस्तूच हरवते. मुलं पेशीची आकृती देखणी काढतात, बाण ओढून नावं देतात. पण ‘हे सगळं दिवसभर करतं काय?’ असं विचारलं की वर्ग गप्प. आकृतीची अडचणच ती: तिच्यात काही हलत नाही. खऱ्या पेशीत सगळं हलत असतं.

तर काकडी. एकेका फोडीत असंख्य पेशी, आणि प्रत्येकीभोवती एक पटल. हे पटल म्हणजे तेलकट रेणूंचा दुहेरी थर. रश्शावर तेलाचा तवंग जसा पाण्यात मिसळायला नकार देतो, तसाच हा थर आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी वेगळं ठेवतो. जाडी म्हणाल तर अशी दहा हजार पटलं एकावर एक रचावीत, तेव्हा कुठे वहीच्या एका पानाची जाडी भरेल. पाण्याचे रेणू यातून ये-जा करू शकतात. त्यांच्यासाठी पटलात नळीसारखी खास प्रथिनंही असतात, ॲक्वापोरिन नावाची. ती शोधणाऱ्या पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिठाचे कण मात्र या तेलकट थरातून सहजी पार होत नाहीत.

आता वरून मीठ पडलं. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी पटलावर धडकतच असतात, काही इकडून तिकडे जातात, काही तिकडून इकडे येतात. पण बाहेरच्या पाण्यात मीठ मिसळल्यामुळे तिथं मोकळं पाणी कमी पडतं, म्हणून तिकडून परतणारे रेणूही कमी. हिशेब झुकतो. आतून जास्त जातात, बाहेरून कमी येतात, आणि पाच मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी दिसतं. परासरण ते हेच. मीठ पाण्याला ‘खेचतं’ असं आपण म्हणतो. बोलायला ठीक आहे, पण खेचाखेच कुणी करत नाही; नुसती गर्दीची विभागणी आहे ती.

गणपत गल्लीत दुपारी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाण्याचा हबका मारतात, तो हिशेब उलटा. मलूल पानांच्या पेशींत पाणी कमी, बाहेर साधं पाणी भरपूर, म्हणून ते आत शिरतं आणि पानं पुन्हा ताठ होतात. इथं पेशी फुटत का नाही? कारण वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर आणखी एक भित्तिका असते. सायकलच्या ट्यूबवर टायर असावा तशी. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना असा टायर नाही. त्या साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. दवाखान्यात सलाईन लावतात ते ०.९ टक्के मिठाचं असतं ते यासाठीच. रक्ताशी जुळणारं, ना फुगवणारं ना सुकवणारं.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी युरियाचं उदाहरण देतो, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मुळाशी युरियाची मूठ जास्त पडली की रोप करपतं. ‘खत उष्ण पडलं’ असं घरी म्हणतात. खरं म्हणजे मातीतलं पाणी इतकं दाट झालं की मुळांनी आत ओढायचं ते मुळांतूनच बाहेर निघालं. याचंच मोठं रूप कृष्णाकाठी, अथणी-रायबागकडच्या क्षारपड रानांत दिसतं. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी सोडलं, निचरा नाही, खालचे क्षार वर आले. तिथं जमीन ओली दिसते, पाय टाकला तर चिखल लागतो, आणि ऊस मात्र तहानेनं पिवळा पडतो. पाणी आहे, पण मुळाच्या पेशीला ते घेता येत नाही. लोणच्यात आणि गुळात जंतू टिकत नाहीत त्याचंही मुख्य कारण हेच. तिथं करपतो तो जंतू.

इथपर्यंत मुलांना पटतं. मग एखादं हुशार पोर विचारतं, “पण सर, असंच चाललं तर शेवटी आत-बाहेर सगळं सारखंच होणार की ओ?” अगदी बरोबर. आणि सगळं सारखं झालं की पेशी मेली. जिवंत पेशी हा फरक मुद्दाम टिकवून धरते, आणि त्यासाठी सतत खर्च करते. माझ्या मते पेशीच्या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच असायला हवं होतं. पुस्तकात ते कुठंच ठळक केलेलं नसतं.

मिठातलं सोडियम घ्या. आपल्या रक्तात ते भरपूर असतं. पेशीच्या आत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पोटॅशियमचं उलट, आत भरपूर, बाहेर अगदी थोडं. दोघंही गळतीनं उताराकडे, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, सरकत असतात. म्हणून पटलात एक पंप बसवलेला असतो. एका दमात तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, आणि प्रत्येक दमाला एटीपीचा एक रेणू खर्च करतो. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं सुटं चलन, त्याकडे येतोच. हा पंप १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी शोधला, तो खेकड्याच्या नसांमध्ये. पावसाळ्यात खानापूरकडे ओढ्यात खेकडे धरणाऱ्यांना याची कल्पना नसते, आणि रस्सा चांगला झाला असेल तर असायचं कारणही नाही. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा नुसता हा पंप चालवण्यात जातो. पडीक माणसालाही भूक लागते, त्यातलं एक कारण हे.

एवढा खर्च कशाला? कारण बाहेर साठवलेलं सोडियम ही ठेव आहे. ते आत यायला टपलेलं असतं, आणि पेशी त्याच्या त्या घाईचा उपयोग करून घेते. आतड्याच्या पेशींवर एक दरवाजा असतो, तो दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे सगळे मिळून आले तरच उघडतो. सोडियम उताराच्या दिशेनं येतं आणि ग्लुकोजला हाताला धरून आत आणतं. दोघं आत गेले की आतलं पाणी दाट होतं, आणि मग परासरणानं बाहेरचं पाणीही मागोमाग. म्हणजे साखर, मीठ आणि पाणी तिन्ही आत.

जुलाब लागल्यावर साखर-मिठाचं पाणी देतात त्यामागची युक्ती हीच. पटकीचं विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर ओतायला लावतं, त्यामागून पाणी वाहून जातं, माणूस काही तासांत सुकतो. नुसतं पाणी पाजलं तर ते टिकत नाही. नुसतं मीठ घातलं तरी फारसं आत जात नाही. पण तो सोडियम-ग्लुकोजचा दरवाजा पटकीतही शाबूत असतो! १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि थोडा खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांतून वाटलं. आजाऱ्यांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाला. घरी करायचं प्रमाण सगळ्यांना माहीत असावं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर ‘चवीसाठी’ नाही. ती दरवाजाची किल्ली आहे. मीठ जास्त झालं तर उलट कोशिंबीर होईल, हेही आता सांगायला नको.

आता एटीपी. मुलांना विचारलं की एका सुरात उत्तर येतं, “तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र.” मी म्हणतो, ऊर्जाकेंद्र म्हणजे कसलं? कोळशाचं की पाण्याचं? हसतात. पण प्रश्न खरा आहे, आणि उत्तर आहे: पाण्याचं. गोकाकच्या धबधब्यासारखं. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली उडी घेते, आणि एकोणिसाव्या शतकातच तिथल्या सूतगिरणीनं त्या पडत्या पाण्याला कामाला जुंपलं. पाणी उंचावर असणं हीच ताकद. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन कण, असेच अडवून साठवलेले असतात. त्यांना परत यायला एकच सोयीची वाट, आणि त्या वाटेवर एक प्रथिनाचं चाक. प्रोटॉन आत घुसताना ते चाक खरोखर, अक्षरशः, गरगर फिरतं, सेकंदाला शंभरावर फेऱ्या, आणि दर फेरीला तीन एटीपी घडवतं. हे चाक कसं चालतं ते उलगडणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच बक्षिसाचा उरलेला अर्धा भाग खेकडेवाल्या स्कौ यांना. चाळीस वर्षं थांबावं लागलं त्यांना. प्रोटॉन साठवले जातात ही मूळ कल्पना पीटर मिचेल यांची, १९६१ सालची. सुरुवातीला बहुतेकांनी ती उडवून लावली होती.

मग प्रोटॉन वर चढवतं कोण? आपली भाकरी. ज्वारीतल्या पिठाचं ग्लुकोज होतं, ग्लुकोज पेशीत फुटतं, आणि त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात, आणि उतरताना प्रोटॉन वर ढकलतात. शेवटच्या पायरीवर त्यांना घ्यायला कुणीतरी हवं. तो घेणारा म्हणजे ऑक्सिजन. श्वास घ्यायचा तो मुख्यतः एवढ्याचसाठी: खाली उतरलेले इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी. ते साचले तर प्रोटॉन वर चढत नाहीत आणि चाक थांबतं. एका ग्लुकोजमागे अशा रीतीनं तीसेक एटीपी मिळतात. कुठल्याही क्षणी शरीरात एटीपी पाव किलोसुद्धा नसतं, पण तेच ते रेणू दिवसभर मोडून पुन्हा घडवले जातात, आणि दिवसाकाठी बेरीज आपल्या वजनाच्या घरात जाते.

ऑक्सिजन कमी पडला तर? येळ्ळूरच्या मैदानात कुस्ती रंगली की पैलवानाच्या मांड्यांना एवढ्या झटक्यात पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. तेव्हा पेशी ग्लुकोज अर्धवटच फोडते, आणि तीसऐवजी दोन एटीपींवर समाधान मानते. पण त्यातही एक अडचण. ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन उचलणारे हमाल मोजके असतात. त्यांच्या पाठीवरचं ओझं कुठंतरी उतरलं पाहिजे, नाहीतर पुढचं पोतं उचलणार कोण? ऑक्सिजनपर्यंतची वाट तुंबलेली, म्हणून ते ओझं अर्धवट फुटलेल्या ग्लुकोजवरच उतरवतात. त्याचं लॅक्टेट होतं. दह्याच्या गाडग्यातले जंतू हेच करतात, म्हणून दही आंबट. यीस्ट थोड्या वेगळ्या जागी उतरवतं, म्हणून ताडीचं मद्य होतं आणि पाव फुगतो. जाता जाता: दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्लामुळे, असं तालमीत सांगतात आणि काही पुस्तकांतही छापलेलं असतं. ते चूक आहे. लॅक्टेट तासा-दोन तासांत निघून जातं. दुखतात ते ताणानं बारीक बारीक इजा झालेले स्नायू.

पंप, दरवाजा, चाक ही सगळी प्रथिनं. ती घडतात कशी, हा भाग मुलांना सगळ्यात अवघड जातो, आणि गंमत म्हणजे आमच्या भागातल्या मुलांना तो सगळ्यात सोपा जायला हवा.

शेताचं मूळ दप्तर तहसीलदार कचेरीत असतं. ते कुणी घरी देत नाही. आपल्याला मिळतो उतारा, तोही हव्या त्या सर्व्हे नंबरचा. पेशीचं दप्तर म्हणजे डीएनए. ते केंद्रकात राहतं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. चार अक्षरांत लिहिलेलं ते बाड केंद्रकाबाहेर जात नाही. ज्या प्रथिनाची गरज, तेवढ्याच भागाचा उतारा निघतो, त्याला संदेशवाहक आरएनए म्हणतात. काम झालं की तो उतारा फाडून टाकला जातो. त्वचेच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत दप्तर एकच. फरक पडतो तो कुठले उतारे काढले यानं.

आता उतारा घरी आला, पण तो कन्नडमध्ये. आजोबांना वाचायचाय मराठीतून. मग कुणीतरी दोन्ही भाषा येणारा पुतण्या बोलवावा लागतो, जो एकेक शब्द वाचून सांगतो. पेशीतही अडचण नेमकी हीच आहे. उताऱ्याची भाषा आरएनएच्या अक्षरांची, आणि प्रथिनाची भाषा अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. शास्त्रज्ञांनीही या पायरीला भाषांतर हेच नाव दिलंय. उताऱ्यावरची अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचतात. चार अक्षरांचे असे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ शब्द वीस अमिनो आम्लांसाठी आणि तीन शब्दांचा अर्थ ‘थांबा’. दुभाष्या पुतण्या म्हणजे स्थानांतरण आरएनए. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरी शब्द ओळखायची खूण, दुसऱ्या टोकाला त्या शब्दाचं अमिनो आम्ल. असा दुभाष्या असलाच पाहिजे हे फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच, तो कुणी पाहिलेला नसताना, तर्कानं मांडलं होतं. आणि थोडं खोलात गेलं तर खरा शब्दकोश पुतण्याकडेही नसतो. कुठल्या दुभाष्याच्या हाती कुठलं अमिनो आम्ल द्यायचं हे ठरवणारी वेगळी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. पुतण्याला शिकवणारे मास्तर म्हणा हवं तर. ते चुकले की सगळंच चुकलं.

हे वाचन रायबोझोम नावाच्या पेशीतल्या यंत्रावर चालतं. तिथं अमिनो आम्लांची माळ ओवली जाते, मग ती माळ गुंडाळी होऊन आपला आकार घेते, आणि पंप किंवा दरवाजा म्हणून कामाला लागते. एका अक्षराची चूक किती महागात पडते? रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदललं की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. सिकल सेल म्हणतात तो आजार. ६४ शब्दांचा अर्थ लावणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते, १९६८ चे नोबेल मानकरी. रायबोझोमची रचना उलगडणाऱ्यांत चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन, २००९ चे. जंतूंचे रायबोझोम आपल्यापेक्षा थोडे वेगळे असतात. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं तेवढ्याच फरकाचा फायदा घेऊन जंतूंचं भाषांतर बंद पाडतात, आणि आपलं चालू राहतं.

राहिलं पेशीविभाजन. यावर परीक्षेत आकृत्या भरपूर विचारतात, म्हणून मी इथं थोडक्यात आवरतो. कांद्याच्या मुळाचं टोक घ्यायचं, रंगवायचं, काचेखाली दाबायचं, आणि सूक्ष्मदर्शकात बघायचं. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं, म्हणजे दप्तराचे १६ खंड, असतात. विभाजनाआधी प्रत्येकाची नक्कल होते, मग सगळी मधोमध रांगेत उभी राहतात, आणि जोडीतलं एकेक दोन बाजूंना ओढलं जातं. दोन्ही पेशींना पूर्ण दप्तर मिळतं. शरीर हे करत असतं म्हणूनच जखम भरते, आणि तांबड्या पेशी तर मज्जेतून सेकंदाला वीस लाखांहून अधिक तयार होतात, कारण त्या १२० दिवसांत झिजतात. बीजपेशी बनताना मात्र दप्तर निम्मं करतात, आणि निम्मं करण्याआधी पानांची अदलाबदल. म्हणून भावंडं एकमेकांच्या नकला नसतात.

उसात दोन्ही प्रकार बघायला मिळतात. बेणं लावताना दोन डोळ्यांची टिपरी जमिनीत जाते, डोळ्यातल्या पेशी दुभंगत राहतात, आणि मूळ उसाचंच दप्तर जसंच्या तसं पुढे जातं. नवी जात हवी असेल तर तुऱ्याकडे, म्हणजे उसाच्या फुलोऱ्याकडे, जावं लागतं, तिथं दप्तराची पानं पिसली जातात. ज्या तुऱ्याला बघून शेतकरी साखरेचा उतारा घटणार म्हणून कपाळाला आठ्या घालतो, त्याच्याच भरवशावर कोईम्बतूरची ऊस पैदास संस्था १९१२ पासून नव्या जाती काढतेय. को ८६०३२ ही तिथलीच. आकड्यातले ८६ म्हणजे १९८६ साल.

हे सांगितल्यावर कडोलीचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे सर, आमच्या रानातला ऊस यंदा लावला तरी तो यंदाचा नाहीच की. तोच जुना ऊस आहे.”

“होय,” मी म्हटलं. “तुझ्या काकाच्या वयाचा आहे. अजून वाढतोय.”